नदीकाठची चारशे बारा माणसं

मोजणीचं काम मी मागून घेतलं नव्हतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या स्प्रूस बेंड वस्तीत आता असं बोललं जातं की ह्रिंचुक सरांना पहिल्यापासून ती पेन्सिल हातात हवी होती. खरी गोष्ट अशी की वस्तीच्या लीगच्या, म्हणजे रहिवासी मंडळाच्या, बैठकीत अध्यक्षबाई लोर्ना मॅकइचर्न यांनी "बुधवारी सकाळी नदीकाठची माणसं कोण मोजणार?" असं विचारलं, तेव्हा मी खिडकी उघडायला उठलो होतो. आमच्याकडे अशा प्रश्नाच्या वेळी जो उभा असेल त्याने होकार दिला असं धरतात. टाळ्या झाल्या. मी खिडकी न उघडताच खाली बसलो.

आता मोजायची कशाला, तेही सांगतो. आमच्या नदीकाठच्या वाटेवर सोय नाही. 'सोय' हा शब्द मी तेहेतीस वर्षं तिसरीच्या वर्गात, करंगळी वर करणाऱ्या मुलांसाठी वापरला, आणि त्याचा अर्थ न कळलेलं एकही मूल मला भेटलं नाही. वस्तीच्या पायऱ्या उतरून खाली गेलं की वाट नदीच्या कडेकडेने पादचारी पुलापर्यंत जाते, पुलावरून पलीकडच्या वाटांना मिळते, आणि मनात आणलं तर माणूस मोटारीचं तोंडही न बघता चालत किंवा सायकलवरून शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊ शकतो. मनात आणलं तर. शरीराचं वेगळं असतं. माझी बायको ओरिसिया हिला डॉक्टरांनी रक्तदाबासाठी एक गोळी दिली आहे. ती घेतली की दर चाळीस मिनिटांनी उठावं लागतं. पायऱ्यांपासून पुलापर्यंत जाऊन यायला लागतात पन्नास मिनिटं. या दोन आकड्यांमधल्या दहा मिनिटांनी आमचं रोजचं फिरणं बंद पाडलं. आता दीड वर्ष झालं, मी एकटा जातो आणि परत आल्यावर नदी कशी होती ते तिला सांगतो. ती ऐकते. पण नदी ही सांगून कळायची गोष्ट नव्हे.

"हे बाहेर कुठे बोलायचं नाही," तिने मला बजावलं होतं. "विशेषतः लोर्नाजवळ. ती लगेच माझ्यासाठी प्रार्थना ठेवेल."

मी शब्द दिला होता.

लीगने त्या सोयीसाठी पालिकेकडे अर्ज केला. तिसऱ्या वर्षी उत्तर आलं की सकाळच्या दोन तासांत चारशे माणसं जात-येत असतील तर विचार करता येईल. माणसं लीगने मोजावीत, नमुना सोबत जोडला आहे.

तो नमुना म्हणजे नऊ पानं. शिवाय मोजणाऱ्याने संगणकावर पन्नास मिनिटांचं प्रशिक्षण घ्यायचं आणि शेवटी परीक्षा द्यायची. मी परीक्षेला बसलो आणि नापास झालो. बाबागाडीतलं मूल हे मी 'पायी' या रकान्यात टाकलं होतं, बरोबर उत्तर 'चाकांवर' असं होतं. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्यांत लाल शाईने लिहिलं, त्याला पडद्यावर लाल अक्षरांत 'पुन्हा प्रयत्न करा' असं दिसलं की कसं वाटतं, याची कल्पना शिक्षकांनाच येईल. दुसऱ्या खेपेस पास झालो. मग मी तीन शंका लिहून पाठवल्या. सायकल हातात धरून चालणारा कुठल्या रकान्यात? कुत्र्यासाठी रकाना का नाही? आणि रानहंसांचं काय, कारण जूनमध्ये आमच्या वाटेवर माणसांपेक्षा तेच जास्त असतात आणि बाजूलाही होत नाहीत. नऊ दिवसांनी उत्तर आलं: 'हंस हे वाटेचे वापरकर्ते नाहीत.' बाकी दोन शंकांबद्दल काही नव्हतं.

एक नियम मात्र मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. चौथ्या पानावर ठळक अक्षरांत होता: 'तीच व्यक्ती पुन्हा आल्यास तिची नोंद पुन्हा करू नये.'

शेजारचा व्हर्न टॉलेफसन कुंपणावर कोपरं टेकून उभा होता. व्हर्नकडे सायकली तीन, हेल्मेटं चार आणि सल्ले असंख्य.

"बसून मोजणार की उभ्याने?"

"बसून."

"पाय आखडतील. उभा राहा."

"बरं, उभा राहीन."

"पाठ धरेल. आणि शिट्टी ने, कोल्हा आला तर. आणि मायरन, एक सांगू? चारशे काही व्हायचे नाहीत. मी रोज जातो तिथून. दीडशेसुद्धा नसतात."

"जितके असतील तितके मोजीन."

"तेच म्हणतोय मी," व्हर्न म्हणाला, "तू अगदी तितकेच मोजशील."

हे तो का म्हणाला ते मला तेव्हा कळलं नाही. मी ते कौतुक समजलो.

बुधवारी सकाळी सातला मी खाली हजर. अंगात नारिंगी जाकीट, ते एकाच मापाचं मिळतं आणि ते माप माझं नाही. दिव्याच्या खांबापासून वाटेवर एक काल्पनिक रेघ ठरवून दिली होती. जो ती ओलांडेल तो मोजायचा. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. ही पद्धत मी किती मुलांना शिकवली असेल! पाचवी रेघ आडवी मारताना लहान मुलांना फार आनंद होतो, जणू चार घोडे एका दोरीला बांधले. खरं सांगतो, मलाही झाला.

सात चाळीसला माझ्या कागदावर अठ्ठावन्न होते.

तेवढ्यात लोर्ना आली ती कॉफीचं भलंमोठं पिंप आणि डोनटची सहा खोकी घेऊन. मोजणीला कॉफी कशाला, असं आमच्या वस्तीत कुणी विचारत नाही. चार माणसं एका ठिकाणी उभी राहणार असली की आमच्याकडे पिंप येतं, मग काम बर्फ उपसण्याचं असो की श्राद्धाचं. लोर्नाने आदल्या रात्री सगळ्यांना फोन केले होते. "मायरन बिचारा एकटा उभा राहणार, जरा सोबत करा." टेबल मांडायला परवानगी होती, पण वाटेपासून दोन मीटर लांब आणि सपाट जागी. तशी सपाट जागा एकच होती आणि ती माझ्या खांबाच्या पलीकडे होती.

लक्षात आलं ना? वस्तीकडून जो येणार तो रेघ ओलांडून कॉफीकडे जाणार, आणि कॉफी घेऊन माझ्याशी दोन शब्द बोलायला रेघ ओलांडून परत येणार. कारण मी बिचारा एकटा होतो.

पहिला फेरा मी नियमाप्रमाणे मोजला. युक्रेनियन चर्चच्या गायनमंडळातल्या अकरा जणी आल्या, अकरा रेघा. त्या कॉफी घेऊन माझ्याकडे आल्या. "कसं चाललंय, सर?" मी हात वर धरून ठेवला. पेन्सिल कागदाला लागू दिली नाही. मग त्यांना आठवलं की साखर राहिली, त्या पुन्हा गेल्या. मग व्हर्न सायकलवरून घंटी वाजवत गेला, लाल हेल्मेट. पाच मिनिटांनी उलट्या दिशेने आला, पांढरं हेल्मेट. मग पिवळं. चौथ्यांदा आला तेव्हा काळं हेल्मेट, काळा चष्मा, आणि माझ्याकडे न बघता एखाद्या अनोळखी माणसासारखं "सुप्रभात, साहेब" म्हणून गेला. आयुष्यात त्याने मला साहेब म्हटलेलं नाही.

मी घड्याळ पाहिलं. आठ वाजून दहा मिनिटं, कागदावर पंच्याण्णव. खाली नदी वाहत होती, पाणी अजून वितळलेल्या बर्फाचं, गढूळ हिरवं. वर घरी ओरिसिया खिडकीशी बसली असणार. आमच्या खिडकीतून पुलाचा फक्त वरचा कठडा दिसतो.

पेन्सिल पुढे गेली. ती आपोआप गेली असं मला म्हणता येईल. पण तिसरीतल्या मुलाने मला हे उत्तर दिलं असतं तर मी ते मान्य केलं नसतं. मी व्हर्नची रेघ ओढली. गायनमंडळाच्या साखरेच्या अकरा रेघा ओढल्या. दुसऱ्या डोनटच्या ओढल्या. मग मी चेहरे बघायचंच सोडून दिलं आणि फक्त बूट बघू लागलो, कारण बुटांची ओळख नसते. हात इतका सफाईने चालत होता की माझी मलाच लाज वाटली, पण हात थांबला नाही. नऊ वाजता बेरीज केली. चारशे बारा.

घरी ओरिसियाने विचारलं, "किती?"

मी आकडा सांगितला. तिने माझ्याकडे पाहिलं, मग उठून माझी दाढी दोन्ही हातांत धरून हलवली. नातू झाला तेव्हा एकदा तिने असं केलेलं आठवतं. "म्हणजे जाता येईल आपल्याला," ती म्हणाली. मी जेवलो नाही. उकाडा आहे म्हणून सांगितलं.

दोन दिवसांनी फोन आला.

"सर? मी डॅनिका. डॅनिका लाफ्लेश. तिसरीत खिडकीपाशी बसायचे."

खिडकीपाशी बसून ढगांची चित्रं काढणारी डॅनिका मला लगेच आठवली. ती आता पालिकेच्या वाटा-विभागात अधिकारी होती.

"सर, तुमचे कागद माझ्याच टेबलावर आलेत. आमच्याकडे अशा मोजण्या पुन्हा तपासतात. पण मी साहेबांना म्हटलं, ह्रिंचुक सरांनी मोजलंय म्हटल्यावर तपासायचं काय? त्यांनीच तर मला मोजायला शिकवलं!"

ती बोलायची थांबली, म्हणजे आता माझी पाळी होती. मी म्हणालो, "अभ्यास बरा चाललाय ना?"

बाई बेचाळीस वर्षांची आहे. तिला एकट्या धाकट्या मुलीचाच अभ्यास पुरेसा आहे. पण ती गोड हसली आणि म्हणाली, "हो सर."

त्या दुपारी मी पालिकेला फोन करून सगळं सांगायचं ठरवलं. यंत्राने सांगितलं: दुसऱ्याविरुद्ध तक्रार असेल तर एक दाबा, खड्ड्यासाठी दोन, मेलेल्या प्राण्यासाठी तीन. स्वतःविरुद्ध तक्रार असणाऱ्यासाठी आकडा नव्हता. मी बराच वेळ तीनवर बोट ठेवून बसलो.

मग व्हर्नकडे गेलो. तो सायकलीला तेल घालत होता.

"व्हर्न, हे खोटं आहे."

"खोटं कुठे? रेघ ओलांडली की नाही माणसांनी?"

"तू नऊ वेळा ओलांडलीस."

"पाच वेळा."

"नऊ. मी मोजल्यात."

"बघ, म्हणजे मोजणी बरोबरच आहे!" तो म्हणाला आणि मला तेलाची बाटली धरायला दिली.

लीगची पुढची बैठक भरली तेव्हा हॉलमध्ये ऐंशी-पंच्याऐंशी माणसं होती. लोर्नाने मोठा केक आणला होता, त्यावर निळ्या साखरेचं एक छोटं घर, घराला दार, दाराला चंद्रकोर, जुन्या काळी परसातल्या संडासांना असायची तशी. सगळ्यांना कळलं कसलं घर ते, आणि म्हणून कुणी तो तुकडा घेत नव्हतं. ओरिसिया तिसऱ्या रांगेत, निळा सदरा घालून. ती अशा बैठकांना येत नाही. त्या दिवशी आली होती.

डॅनिकाने नकाशा उलगडला. "आधी तुमचं अभिनंदन. दोन तासांत चारशे बारा! आम्हाला कल्पनाच नव्हती. यामुळे तुमची वाट आता वरच्या गटात गेली आहे. 'दाटीची वाट' म्हणतो आम्ही तिला."

टाळ्या.

"दाटीच्या वाटेवर पायी चालणारे आणि सायकलवाले एकत्र ठेवता येत नाहीत. तेव्हा वाट दुप्पट रुंद होईल. पायऱ्यांपासून पुलापर्यंतची काठावरची झाडं काढावी लागतील, आणि दोन उन्हाळे वाट पूर्ण बंद राहील. स्वच्छतागृह काम संपल्यावर. तिसऱ्या वर्षी."

टाळ्या थांबल्या. कुणाची तरी खुर्ची करकरली. मी ओरिसियाकडे पाहिलं. तिने केकची बशी मांडीवर ठेवली होती आणि ती बोटांवर काहीतरी मोजत होती. तिचं वय चौऱ्याहत्तर आहे. तीन मिळवायला बोटं लागत नाहीत.

मी उठलो. या खेपेस खिडकीसाठी नव्हे.

"डॅनिका," मी म्हणालो, "तो आकडा चुकीचा आहे. खरी माणसं दीडशेसुद्धा नसतील. बाकीच्या रेघा मी ओढल्या. तीच माणसं पुन्हा पुन्हा मोजली, आणि चुकून नाही. बघून."

आमची माणसं फार सभ्य. कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. त्याऐवजी सगळा हॉल माझी माफी मागू लागला.

"माफ करा सर, टेबल मीच तिथे मांडलं," लोर्ना म्हणाली.

"साखर आम्ही विसरलो हो," गायनमंडळातून आवाज आला.

"हेल्मेटं माझी होती," व्हर्न म्हणाला. "पण नऊ नाही, पाच."

डॅनिका माझ्याकडे बघत होती आणि तिचा चेहरा आठ वर्षांच्या मुलीसारखा झाला होता. मुलांना आपण ओरडतो त्याचं काही वाटत नाही, त्यांना आपण शिकवलं ते आपणच मोडलं की वाटतं. "पण का, सर?" तिने विचारलं. नुसतं विचारलं, रागाने नव्हे.

आणि इथे मी आयुष्यातली दुसरी मोठी चूक पहिलीच्या पाठोपाठ केली. मुलाने प्रश्न विचारला की खरं उत्तर द्यायचं, ही माझी सवय. माझ्या तोंडून गेलं, "ओरिसियाच्या गोळीमुळे. तिला दर चाळीस मिनिटांनी—"

पुढचं मी गिळलं, पण उपयोग नव्हता. ऐंशी माथी तिसऱ्या रांगेकडे वळली. लोर्नाचे हात नकळत प्रार्थनेसाठी जुळू लागले होते. मला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं, पण लीगच्या हॉलची जमीन गेल्याच वर्षी नवी केली आहे, चांगली भक्कम.

ओरिसियाने बशी शेजारच्या खुर्चीवर ठेवली. रुमालाने बोटं पुसली. सावकाश, एकेक. मग उभी राहिली.

"आता सांगायला घेतलंस तर पूर्ण सांग, मायरन. अर्धवट वाक्य टाकून बसलेलं तुला वर्गात चालायचं नाही." राग तिने माझ्यासाठी राखून ठेवला होता, तो मला ओळखता येतो. ती डॅनिकाकडे वळली. "बाळ, मला दर चाळीस मिनिटांनी लघवीला जावं लागतं. पुलावर जाऊन यायला लागतात पन्नास. म्हणून मी दीड वर्षात नदी जवळून पाहिली नाही. तुमच्या कागदावर येणाऱ्यांचे रकाने आहेत. जे येतच नाहीत त्यांना कुठे मोजता?"

डॅनिकाने नऊच्या नऊ पानं उलटून पाहिली. पाठपोट. "कुठेच नाही, बाई."

"मग आज मोज." ओरिसिया हॉलकडे वळली. "कोण कोण याच कारणाने खाली जायचं टाळतं? किंवा अर्ध्यातून परत येतं? हात वर करा. मी सांगितलं ना माझं? आता लाजताय कशाला?"

मग प्रार्थनेसाठी जुळत आलेल्या लोर्नाच्या हातांपैकी एक वर गेला. तिच्यामागे गायनमंडळातले सात. चार महिन्यांच्या मुलाला खांद्यावर घेतलेल्या एका आईचा. कोपऱ्यातल्या दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एकदमच हात वर केले, म्हणजे दोष कुणा एकावर नको. शेवटी व्हर्नचा. "थंडीत फार होतं," तो छताकडे बघत म्हणाला.

सवयीने मी मोजायला पुढे झालो.

"तू बस," ओरिसिया म्हणाली.

मी बसलो. डॅनिका पेन्सिल घेऊन रांगांमधून फिरली. चार उभ्या, पाचवी आडवी. मोजताना प्रत्येक माणसाच्या डोळ्यांत बघत होती. जुना कागद तिने फाडला नाही. घडी घालून पर्समध्ये ठेवला. ते मला फाडण्याहून जास्त लागलं. "मी वचन देत नाही," ती म्हणाली. "पण हे मी स्वतः वर घेऊन जाईन. आणि पुढच्या बुधवारी मी स्वतः मोजायला येईन. कॉफी नको."

शेवटी ती माझ्या खुर्चीपाशी येऊन थांबली. पेन्सिल कागदावर टेकवून.

"आणि तुम्ही, सर?"

सगळा हॉल वाट बघत होता. आता एक गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि ती मी इथेच सांगतो. गेली सहा वर्षं रोज सकाळी दुसऱ्या वळणावर मी दुर्बीण घेऊन झाडीत शिरतो. का, असं ओरिसियाने पूर्वी बरोबर यायची तेव्हा विचारलं होतं. मी सांगितलं होतं की तिथे एक घुबड राहतं, मोठं करडं, फार लाजाळू, दुसरं कुणी आलं तर उडून जाईल. तेव्हापासून ती वाटेवर थांबून राहायची. आणि एकटा जाऊ लागल्यापासून मी रोज घरी येऊन तिला त्या घुबडाची खुशाली सांगतो. गेल्या वसंतात त्याला मी दोन पिल्लंही केली.

मी डॅनिकाकडे पाहिलं, मग जमिनीकडे, आणि हात वर केला.

हॉलमध्ये कुणाला काही विशेष वाटलं नाही. आणखी एक म्हातारा, एवढंच. डॅनिकाने रेघ ओढली. मात्र तिसऱ्या रांगेतून, ऐकू येईल न येईल इतक्या हळू, माझ्या बायकोने विचारलं:

"आणि पिल्लं?"